काठीवर वाळल्यावर सांगते

जोतिबाची चैत्र यात्रा आटोपली, कपड्यांवरचा गुलाल धुतला गेला, की आमच्या गल्लीत पोटमाळ्यांवरून काठ्या खाली येतात. शेवयांच्या काठ्या. वर्षभर त्यांच्यावर धूळ बसलेली असते, एखाद्या पालीनं त्यांच्यामागं संसार थाटलेला असतो. त्या खाली काढायच्या, राखेनं घासायच्या, उन्हात उभ्या करायच्या आणि मग शेडच्या आढ्याला दोऱ्यांनी आडव्या टांगायच्या. यंदाही टांगल्या. खपली गहू ओलवून, चाळून, रवा होऊन आला. त्या रव्याला एक वास असतो, थोडा गोडसर, थोडा भाजल्यासारखा. तो नाकात गेला की मला उन्हाळा लागला असं वाटतं. कॅलेंडर बघायला मी जात नाही.

परवा माझी नात प्रतीक्षा तिच्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "आमच्या आज्जीला इटालियन येतं."

मी आतून ओरडले, "खोटं बोलू नगंस."

मला इटालियन येत नाही. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढच्या वर्षी घरात म्हैस व्याली आणि तिच्यामागं कोण, म्हणून शाळा संपली. मला इटालियनमधलं एकच काम येतं. एखादी गोष्ट चालते की चालत नाही, एवढं सांगायचं. पण ते मला चांगलं येतं. अख्ख्या कोल्हापुरात माझ्याएवढं ते दुसऱ्या कुणाला येत असेल असं मला वाटत नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

लग्न होऊन फुलेवाडीत आले तो पहिला उन्हाळा मला शेवयांवरूनच आठवतो. लाकडी पाटावर लोखंडी यंत्र बसवलेलं असायचं. तो पाट खाटेच्या दोन बाजूंवर आडवा टाकायचा. यंत्र हलू नये म्हणून पाटावर एक बाई बसायची, दुसरी दांडा फिरवायची, तिसरी खाली वाकून लोंबणाऱ्या शेवया काठीवर उचलून घ्यायची. मी अंगानं भरलेली, म्हणून मला पाटावर बसवत. नवी सून असून मला बसायचं काम मिळालं, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. काठी धरायला शालन. ती माझ्याच वर्षी शेजारच्या घरात सून म्हणून आली होती. बारीक, चपळ, आणि तोंडात कायम एकच बोल, "चालतंय की."

भाकरी करपली, चालतंय की. पदर फाटला, चालतंय की. नवऱ्यानं चांगली धरलेली नोकरी सोडली आणि घरी येऊन झोपला, तेव्हा आम्ही तिला विचारायला गेलो, तर ही चुलीपुढं बसून म्हणते, चालतंय की. आमच्या कोल्हापुरात तसं हे सगळेच म्हणतात. रस्त्यानं जाणारा म्हणतो, हॉटेलवाला म्हणतो, पोरगी बघायला आलेले पावणंही म्हणतात. लोकांना वाटतं आम्ही तोंडाळ माणसं, मनात येईल ते बोलतो. आपल्या माणसाला बोलतो, हे खरं. पण पाहुण्याला आम्ही कधी नाही म्हणत नाही. त्यानं दिलेलं खारट असो, आळणी असो, आम्ही बोटं चाटतो.

माझा नवरा शेवटच्या आजारात दवाखान्यात होता. भेटायला येईल त्याला तो सांगायचा, बरं हाय. डॉक्टर आले, त्यांनाही म्हणाला, बरं हाय. डॉक्टर दूरगावचे, त्यांना ते खरंच वाटलं, ते पुढच्या खाटेकडं गेले. पाहुण्याला दुखणं काय सांगायचं, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्यावर चिडले होते. आता चिडून उपयोग नाही, पण आठवण आली की अजून चिडते.

आमचा बचत गट झाला तेव्हा त्यातल्या बहुतेक बाया लोकांकडं धुणीभांडी करत होत्या. शालनही करत होती. उन्हाळ्यात आम्ही हाताच्या यंत्रावर शेवया करून विकायचो. माल चांगला होता, गिऱ्हाईक परत परत यायचं, पण हातानं होऊन होणार किती? त्याच सुमाराला उद्यमनगरातला एक दलाल भेटला. तो परदेशातली जुनी यंत्रं आणून विकायचा. त्याच्याकडं इटलीचं एक यंत्र आलं होतं. तिकडं शेवयांच्याच जातीचा एक पदार्थ रोज जेवणात खातात, तो करणारं. आतमध्येच कणीक मळायचं, पुढं ढकलायचं आणि पितळेच्या जाळीतून दोरे बाहेर काढायचं. मी ते बघितलं आणि बायांना म्हटलं, घेऊ.

दलालाची अट साधी होती. तिकडचा मिस्त्री दुसऱ्या एका कामासाठी येणारच होता, तो आमचं यंत्रही बसवून देणार. तो असेपर्यंत काय ते बोला, चालत नसेल तर यंत्र परत नेतो. तो एकदा विमानात बसला की यंत्र तुमचं. मग चालो, न चालो.

आणि बायांनी माझ्या एका शब्दावर धरलेली घरं सोडली. हे ज्यांनी धुण्याभांड्याचं काम केलं नाही त्यांना कळायचं नाही. एकदा घर सोडलं की तिथं चार दिवसांत दुसरी बाई लागते. मग तुम्ही परत गेलात तर दारातच सांगतात, आता मिळाली हो आम्हाला. म्हणजे यंत्र चाललं नाही तर मागं जायला वाट नव्हती. शालन तेवढी म्हणाली, "चालतंय की, आक्का. तू हायस न्हवं." ते ऐकून मला धीर आला नाही.

माझा धाकटा दीर, ज्याला सगळे तात्या म्हणतात, चहाच्या टपरीवर बसून आमचीच वाट बघायचा.

"वहिनी, इटलीचं मशीन आन् तुमची खपली. सोयरीक जमंल काय?"

"न जमायला काय झालं? तुझी जमली की."

टपरीवरचे हसले. पण त्यांना वाटत होतं तेच मलाही वाटत होतं.

मिस्त्रीचं नाव ब्रूनो. माझ्याच वयाचा, रुंद हाताचा, कपाळावर चष्मा ढकललेला. हत्यारांची पिशवी त्यानं दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही. त्याला लॉजवर बरं वाटेना, म्हणून आमच्या वरच्या खोलीत उतरला. दलालानं दुभाष्या देतो म्हणून सांगितलं होतं, दिला नाही. ब्रूनोला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन येत नव्हतं, हिंदी त्याला कळत नव्हती. प्रतीक्षाच्या फोनमध्ये बोललं की फोन भाषांतर करायचा, पण आमच्या शेडवर पत्रा, आत रेंज येईना. एकेका वाक्यासाठी पोरगी रस्त्यावर पळायची आणि परत यायची. ऊन तर असं की पत्र्याखाली उभं राहिलं तरी चप्पल गरम व्हायची. दुपारपर्यंत पोरगी लाल झाली.

मी म्हटलं, "बस खाली. माणूस समोर हाय, तोंड हाय, शिकूया की."

ब्रूनोनं पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला. तो म्हणाला, "फुन्त्सिओना." मग कोपऱ्यातल्या जळक्या बल्बचं बटण दाबलं आणि मान हलवली, "नोन फुन्त्सिओना." एवढ्यात आम्हाला कळलं. चालतं. चालत नाही.

त्यानंतर दोन दिवस शेडमध्ये बायांना दुसरा धंदा नव्हता. नळ, फुन्त्सिओना. भिंतीवरचं घड्याळ, नोन फुन्त्सिओना. तात्या चहा घेऊन दारात आला, तर शालननं त्याच्या गुडघ्याकडं बोट केलं, "नोन फुन्त्सिओना." मग कुणीतरी शालनलाच विचारलं, "आन् तुझा नवरा?" ती पदर तोंडात धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. ब्रूनोला काही कळलं नाही, पण तोही हसला.

तो विचारायचा वेगवेगळं. स्क्रू आवळला की, "अदेस्सो?" म्हणजे आता? चालत असेल तर म्हणायचं, "अदेस्सो सी." आता होय. काम उरकून हात पुसताना, "तुत्तो अ पोस्तो?" म्हणजे सगळं जागच्या जागी ना? आणि दिवसातून किती वेळा तरी, "वा बेने?" हे म्हणजे, बरं चाललंय ना. जेवताना वा बेने, झोपायला जाताना वा बेने, पांढरा रस्सा वाढल्यावर वा बेने, तांबडा वाढल्यावर डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही वा बेने. बायांना हे सगळ्यात आवडलं. ते त्यांना ओळखीचंच होतं. ते चालतंय की होतं.

मला मात्र फुन्त्सिओना आवडलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. ते म्हणताना ब्रूनो हसायचा नाही. यंत्राकडं बघून म्हणायचा, माणसाकडं बघून नाही. वा बेने म्हणताना तो माणसाकडं बघायचा.

एकदा त्यानं पोत्यात हात घालून खपलीचे दाणे तळव्यावर घेतले, एक चावला आणि ओरडलाच, "फार्रो!" प्रतीक्षा रस्त्यावर पळाली आणि येऊन म्हणाली, त्यांच्याकडं हाच गहू आहे. त्याची आई थंडीत त्याचं कढण करायची. तो दाणे मुठीत घेऊन बराच वेळ बसला. मी त्याला बसू दिलं. शालन म्हणाली, "बघ, सोयरीक निघाली." मग आम्हीच त्याला खपलीची खीर करून घातली. हाताच्या शेवयांची. त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली.

यंत्र चाललं ती संध्याकाळ. मोटर घरघरली, आत कणीक फिरली आणि पितळी जाळीतून दोरे उतरायला लागले, एकसारखे, सरळ, जणू विणून काढलेले. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. शालननं काठी पुढं केली, भरली, दुसरी घेतली, भरली. हाताच्या यंत्रावर जेवढ्याला दिवस जायचा, तेवढं चहा उकळेपर्यंत झालं. तात्या आत येऊन बघून गेला आणि काही बोलला नाही, यावरूनच काय ते समजा. आढ्याखाली शेवयांचे पडदेच पडदे. ब्रूनोनं हात पुसले, म्हणाला, "तुत्तो अ पोस्तो?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "पोस्तो, पोस्तो!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला निघायचं होतं.

सकाळी मी शेडचं दार उघडलं. पायाखाली कुरकुर वाजलं. सगळ्या फरशीवर शेवयांचा सडा पडला होता. काठ्यांवर जे उरलं होतं त्याला हात लावला तर तेही मोडून हातात आलं. बोटाएवढे तुकडे. हाताच्या शेवया हातभर लांब वाळतात आणि नुसत्या उचलल्या तर वाकतात, तुटत नाहीत. ह्या जागच्या जागी तुटल्या होत्या.

मला कारण शोधायला वेळ लागला नाही. आमची कणीक मळली की ओल्या फडक्याखाली मुरत ठेवावी लागते. खपलीचा स्वभाव तसा आहे, तिला घाई चालत नाही. आणि हे यंत्र मळायचं आणि लगेच ढकलायचं. तिकडं यात जो गहू घालतात त्याला ते चालत असेल. पण हे त्याला सांगणार कधी? बाहेर गाडी येऊन उभी राहिली होती.

अंगणात आले तर शालननं ब्रूनोला कुंकू लावलेलं. त्याच्या तळहातावर दही-साखर घातलेली. दूर जाणाऱ्या माणसाच्या हातावर दही घातलं की त्याला मागून हाक मारायची नाही आणि नाही हा शब्द उच्चारायचा नाही. हे आमच्याकडं पोरांनाही माहीत असतं. ब्रूनो हात पुढं धरून उभा, सगळ्या बायांकडं बघत, "वा बेने?" आणि सगळ्या, "वा बेने, वा बेने!" त्यांच्यातल्या दोघी माझ्याआधी शेडमध्ये डोकावून दार लावून आल्या होत्या. मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

मी ओंजळभर तुकडे घेऊन पुढं झाले. शालननं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"आक्का, न्हाय म्हनू नगंस. दही घातलंय हातावर."

"सोड."

"पावणं हाय त्यो. किती राबलाय चार दिवस. जाऊ दे की सुखानं. आपुन बघू नंतर. चालतंय की."

"न्हाय चालत, शालन."

"त्येला काय वाटंल?"

"वाटू दे. उद्या तू कुठल्या दारात उभी राहणार हायस ते सांग आधी."

तिनं चिमटा सोडला नाही. तेवढ्यात ब्रूनो गाडीत बसलाही. दार लागलं. गाडी हलली. आणि मी, जिनं आयुष्यात निघालेल्या माणसाला कधी हाक मारली नाही, गल्ली दणाणेल असं ओरडले, "ओ मिस्त्री! थांबा!"

गाडी थांबली. मी खिडकीपाशी गेले. ओंजळ त्याच्यापुढं धरली. तोंडात शब्द तयार होता, पण तो बाहेर काढायला मला जेवढं बळ लागलं तेवढं गाभण म्हैस चिखलातून ओढायलाही लागलं नव्हतं.

"नोन फुन्त्सिओना."

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, विमान चुकंल हो."

ब्रूनोनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. एक तुकडा उचलला, वाकवला, तो मोडला. दुसरा दाताखाली धरला. मग तळहातावर उरलेलं दही त्यानं चाटून संपवलं, दार उघडलं आणि पिशवी घेऊन खाली उतरला. काहीतरी बोलला. प्रतीक्षा आधीच रस्त्यावर होती, रेंज पूर्ण होती.

"आज्जी, म्हणतोय, हे काल का नाही सांगितलं?"

"त्याला सांग, काल त्या तुटल्या न्हवत्या."

हे ऐकून तो एवढा मोठ्यानं हसला की टपरीवरचे उठून आले.

मग मी त्याला शेडमध्ये नेलं. परातीत कणीक मळली, ओलं फडकं टाकलं आणि पाटावर बसून हाताची घडी घातली. तो दोन मिनिटांनी फडक्याला हात लावायला आला. मी त्याचा हात बाजूला केला. तो परत आला, मी परत केला. मग त्याला समजलं. त्यानं यंत्राचं मळायचं काम तोडून टाकलं, नुसतं ढकलायचं ठेवलं, वेग कमी केला. पितळी जाळी घेऊन तात्या त्याला उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं घेऊन गेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. भोकं गुळगुळीत करून जाळी परत आली, आणि दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत आले. तात्या दुसऱ्या दिवशी टपरीवर सांगत होता, ते मशीन आम्ही दुरुस्त केलं.

शेवया परत काठ्यांवर चढल्या. ब्रूनो म्हणाला, "अदेस्सो?" मी मान हलवली. नाही, अजून नाही. संध्याकाळी परत विचारलं, "अदेस्सो?" मी म्हटलं, झोप जाऊन. सकाळी तो माझ्याआधी शेडच्या दारात उभा होता. आम्ही दोघांनी मिळून दार उघडलं. फरशी स्वच्छ होती. मी एक शेवई उचलली, ती वाकली. दोन्ही टोकं जवळ आणली, मग मोडली. तरी मी काही बोलले नाही. चूल पेटवली, दूध उकळलं, मूठभर शेवया टाकल्या, गूळ घातला. त्याचा लगदा होत नाही हे बघितलं. एक घास मी खाल्ला, एक त्याला दिला. बाया दारात उभ्या होत्या. शालनच्या हातात परत दह्याची वाटी होती, पण ती पुढं आली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

मग मी यंत्राकडं बघून म्हटलं, "फुन्त्सिओना."

ब्रूनो वा बेने म्हणाला नाही. त्यानंही यंत्राकडं बघून तेच म्हटलं आणि माझा हात हातात घेऊन हलवला, एखाद्या मिस्त्रीचा हलवावा तसा. मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी नमस्कार केलेत. तो हात मला जास्त लक्षात आहे.

बायांना परत कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. शालनला दोन वर्षांनी तिच्या जुन्या मालकिणीनं शेवया मागायला फोन केला. तिनं दिल्या, वर भावही सांगितला, कमी केला नाही.

मी या शब्दांचा बराच विचार केला आहे. दुपारी काठ्या भरून झाल्या की बसायला वेळ असतो. वळवाचे ढग दक्षिणेकडून वर येताना दिसतात, काठ्या आत घ्यायच्या की नाही यावर बाया भांडत असतात, आणि मी विचार करते. चालतंय की हे वाईट नाही. त्यानं घरं टिकतात, नाती टिकतात, जेवणं गोड होतात. पण त्यानं यंत्र चालत नाही. दवाखान्यात, शेतात, चुलीपुढं, जिथं काम आहे तिथं कुणीतरी एक माणूस लागतो, जो दही घातलेल्या हाताला नाही म्हणेल. आमच्या गल्लीत तो माणूस मी होते, आणि मला तसं असल्याचा अभिमान आहे. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या ताटातल्या शेवया तुटत नाहीत.

ब्रूनो दर उन्हाळ्यात एकदा निरोप पाठवतो. प्रतीक्षाच्या फोनवर त्याचा आवाज येतो, आता थोडा घोगरा झालाय, आणि तो एकच विचारतो. त्याला माहीत आहे मी लगेच उत्तर देत नाही. आमचा नियम ठरलेला आहे. पहिला घाणा काढायचा, काठीवर वाळवायचा, वाकवायचा, उकळायचा, आणि मगच सांगायचं.

यंदा मात्र जरा वेगळं झालं.

गटात सगळ्या कामांची वाटणी आहे, पण कणीक माझ्याकडं. ती कधी मुरली हे बोटाला कळावं लागतं. गेल्या पावसाळ्यात मला ताप येऊन गेला, तेव्हापासून बोटांची टोकं बधिर आहेत. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय, उजव्या हाताला कळत नसेल तर डाव्याला कळेल. पहिला घाणा मीच मळला, मीच फडकं काढलं, मीच म्हटलं, घाला. दोरे उतरले. जरा खरबरीत उतरले, पण उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी काठीखाली तुकडे होते. त्या वेळेइतके नाहीत, पण होते.

बाया गोळा झाल्या. एकीनं पायानं तुकडे बाजूला सारले. दुसरी म्हणाली, "पहिलाच घाणा हाय, आक्का."

तिसरी म्हणाली, "हवा कोरडी हाय यंदा."

चौथी म्हणाली, "चालतंय की."

मी शालनकडं बघितलं. ती वाकून एक तुकडा उचलत होती. तिनं तो वाकवला, तो मोडला. मग माझ्या परातीपाशी आली, उरलेल्या कणकेत बोट खुपसलं, आणि सरळ उभी राहून, सगळ्यांदेखत, माझ्या तोंडाकडं न बघता, कणकेकडं बघत म्हणाली, "नोन फुन्त्सिओना, आक्का."

चाळीसेक उन्हाळे ही बाई माझ्या शेजारी काठी धरून उभी आहे, आणि तिनं कधी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मालकिणीला नाही.

"तुला बोलायला तोंड फुटलं व्हय?" मी म्हटलं.

"तूच फोडलंस की."

"काय चुकलंय सांग."

"कणीक मुरली न्हाय. तुझ्या बोटाला कळत न्हाय आता."

"कधीपास्नं ठाव हाय तुला?"

"गौरीपास्नं. लाडू वळताना बघितलं."

मी तिला चार शिव्या दिल्या. त्या इथं लिहीत नाही. मग उठले, हात धुतले आणि परात तिच्यापुढं सरकवली. ती बसली. तिनं पदर खोचला आणि कणकेला हात घातला, आणि मी उभी राहून बघितलं. तिचा हात चांगला आहे. कणीक तिला आधीच द्यायला हवी होती. मी चुलीपाशी जाऊन बसले. उकळून, चावून बघायचं काम आता माझं. बोटं गेली तरी दात अजून फुन्त्सिओना आहेत.

संध्याकाळी शालनच्या कणकेच्या शेवया काठ्यांवर चढल्या. ओल्या, चकचकीत, हलक्या वाऱ्यावर हलणाऱ्या. दिसायला सुरेख. दिसायला त्या नेहमीच सुरेख असतात. तेवढ्यात प्रतीक्षा फोन घेऊन आली. ब्रूनोचा आवाज. सिन्योरा, फुन्त्सिओना?

बाया माझ्याकडं बघायला लागल्या. शालन परात धूत होती, तिचे हात थांबले.

"आज्जी, काय सांगू? सी म्हणू?"

"दोमानी म्हण त्याला," मी म्हटलं. "उद्या. काठीवर वाळू दे आधी."

शालन हसली आणि परात परत घासायला लागली.